पंचाला बसायला जागा द्या

माननीय विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



फौजदारी खटला ज्यांच्या शब्दावर उभा राहतो किंवा ढासळतो, त्यांतील बहुतेकांना कायद्याचे एकही कलम ठाऊक नसते, ही गोष्ट न्यायालयात हयात घालविलेल्या माणसाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्याविषयी काही लिहावे असे त्याच्या सहसा मनातही येत नाही. न्यायाधीश विद्वान असतात, सरकारी अभियोक्ता आणि बचावाचे वकील आपापल्या परीने व्यासंगी असतात, तपासी अंमलदार खात्याच्या रीतिरिवाजांत मुरलेला असतो; आणि या सर्वांच्या मध्ये कधी साक्षीच्या पिंजऱ्यात, तर पुष्कळदा बाहेरच्या व्हरांड्यात, पानपट्टीवाला, शेतमजूर, शिंपी, रिक्षाचालक किंवा धुणीभांडी करणारी बाई अशा रूपाने जो सामान्य माणूस ताटकळत उभा असतो, त्याचे भय, त्याचा कंटाळा, त्याचे गावातले हितसंबंध आणि त्याची बुडालेली रोजी यांनी निकालाचे पारडे जेवढे झुकते, तेवढे ते वकिलांच्या वक्तृत्वानेही झुकत नाही. मी जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होतो. निकाल लिहिण्याचा अधिकार मला नव्हता. परंतु निकाल कशाकशाने घडतो हे पाहण्यास ती जागा सोयीची होती, आणि त्या अनुभवाच्या आधारावरच हे पत्र आपणांस जाहीररीत्या लिहिण्याचे धाडस करीत आहे.

अलीकडे एखाद्या गाजलेल्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले की, न्याय लोकांच्या हाती द्या, ज्यूरी परत आणा, अशी भाषा सुशिक्षित मंडळींच्या तोंडीही ऐकू येते. या मंडळींना मुंबईच्या ज्यूरीच्या इतिहासाचा विसर पडलेला दिसतो. लोकमान्य टिळकांवर १८९७ साली राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी गृहस्थ होते आणि निर्णय सहा विरुद्ध तीन असा झाला. १९०८ साली न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे दुसरा खटला चालला तेव्हा ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते आणि निर्णय सात विरुद्ध दोन असा झाला. ज्या लेखांबद्दल सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा व्हायची होती ते लेख ‘केसरी’त मराठीत छापलेले, आणि ज्यांनी त्या लेखांतील भाव ओळखायचा त्या ज्यूरीतील बहुसंख्यांना ते मुळात वाचता येत नव्हते; खास ज्यूरी नेमण्यास टिळकांच्या वतीने बॅरिस्टर बॅप्टिस्टा यांनी घेतलेली हरकत फेटाळली गेली होती. पुढे टिळकांनी स्वतः कित्येक दिवस भाषण केले, सरकारी भाषांतरकाराची कसून उलटतपासणी घेतली, आणि त्या उलटतपासणीचे वृत्तांत आजही वाचनीय आहेत. परंतु खुर्च्यांवर कोणास बसवायचे हे ज्या क्षणी ठरले त्या क्षणी पुष्कळसे ठरून गेले होते, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होईल असे मला वाटत नाही. उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात हा खटला चालला तेथे न्यायमूर्ती छागला यांनी १९५६ साली टिळकांच्या उद्गारांच्या संगमरवरी शिलालेखाचे अनावरण केले. ज्यूरीचा निर्णय झुगारणारे आरोपीचे उद्गार न्यायालयाने स्वतःच्याच भिंतीवर सन्मानाने कोरून घ्यावेत, असा प्रसंग जगाच्या न्यायेतिहासात फार ठिकाणी आढळणार नाही.

दुसरे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी आपल्या पत्नीच्या प्रियकरावर रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईच्या सत्र न्यायालयातील नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष ठरविले. टिळकांच्या वेळी दडपण ज्यूरीच्या रचनेत होते. येथे ते न्यायालयाच्या फाटकाबाहेर होते. संपादक करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आठवड्यामागून आठवडे चालविलेली मोहीम, गणवेशातील देखण्या अधिकाऱ्याविषयी शहरात उसळलेली सहानुभूती, आणि ज्यूरीतील गृहस्थ संध्याकाळी घरी जाऊन तेच साप्ताहिक चाळत असण्याची शक्यता, या सर्व गोष्टींची गुंफण अशी होती की तिच्यातून केवळ पुराव्याचा धागा वेगळा काढणे त्या नऊ जणांना साधले असते तर नवल वाटले असते. परंतु सर्व दोष वृत्तपत्रांच्या माथी मारणेही न्याय्य नाही. सत्र न्यायाधीशांना ज्यूरीचा निर्णय मान्य झाला नाही आणि त्यांनी तो खटला त्या वेळच्या कायद्याच्या ३०७ कलमाखाली उच्च न्यायालयाकडे पाठविला, तेव्हा उच्च न्यायालयाला असे आढळून आले की, गोळ्या अपघाताने सुटल्या असा बचाव घेणाऱ्या आरोपीवर तो अपघात शाबीत करण्याचा जो भार असतो, तो न्यायाधीशांनी आपल्या समारोपात ज्यूरीला समजावूनच सांगितला नव्हता. म्हणजे सामान्य माणूस चुकला हे खरे. पण त्याला अर्धवट सूचना देणारा तज्ज्ञ त्याच्या आधी चुकला होता. या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, मला मात्र तीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

पुढचे सर्वांस माहीत आहे. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, त्याच दिवशी राज्यपालांनी ती शिक्षा तहकूब करणारा हुकूम काढला, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये दोषसिद्धी कायम केली, आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. हा हिंदुस्थानातील शेवटचा ज्यूरी खटला असे सर्रास सांगितले जाते ते खरे नव्हे. या खटल्यामुळेच ज्यूरी गेली हेही अर्धसत्य आहे, कारण सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ज्यूरी बंद करावी अशी शिफारस आधीच, १९५८ च्या अहवालात, केली होती. मुफसल न्यायालयांतून न्यायाधीशाशेजारी बसून आपले मत देणारे असेसर तर १९५५ च्या दुरुस्तीनेच गेले होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. पारशी विवाह न्यायालयात पाच प्रतिनिधी न्यायाधीशाबरोबर बसतात, तेवढाच काय तो तिचा अवशेष; आणि तोही दिवाणी प्रकरणातला.

ज्यूरी गेली त्याचे मला दुःख नाही, आणि ती परत यावी अशी माझी मागणीही नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, ज्यूरी गेल्याने खटल्याच्या निकालावरचा सामान्य माणसाचा प्रभाव संपला अशी जी समजूत आपण करून घेतली ती सर्वस्वी चुकीची आहे. तो प्रभाव एक पायरी खाली उतरला. पूर्वी हा माणूस खुर्चीवर बसून निर्णय देत असे. आता तो झडती-जप्तीचा पंच म्हणून उभा राहतो आणि त्याच्या साक्षीवर दुसरा कोणी निर्णय देतो. खुर्ची गेली आणि तिच्याबरोबर त्याची प्रतिष्ठाही गेली. परंतु त्याच्यावर पडणारी दडपणे मात्र जशीच्या तशी त्याच्या मागोमाग खाली आली.

आपल्या मुलखात पंच ही वस्तू नवी नव्हे. पेशवाईत आणि त्यापूर्वीही वतनाचे, हद्दीचे, गुन्हेगारीचे तंटे गोतसभेपुढे येत, निवाड्याचे महजर लिहिले जात, आणि त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, तर बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची. त्या गोतसभेत जातीची उतरंड होती आणि गरिबाला तेथे किती न्याय मिळत असेल याविषयी मला गोड भ्रम नाहीत. परंतु निशाणी करणारा माणूस आपण काय शाबीत करीत आहोत हे जाणून ती करीत असे, आणि गावाला तो कोण हे ठाऊक असे. आजच्या कायद्यानेही हीच कल्पना मान्य केली आहे. झडतीच्या वेळी त्या वस्तीतील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना समक्ष बोलवावे असे संहितेत आहे, लेखी हुकूम दिल्यावर विनाकारण नकार देणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे, आणि मौज अशी की, खास समन्स निघाल्याखेरीज अशा पंचाला न्यायालयात साक्षीस येण्याची सक्ती असू नये असेही त्याच कलमात म्हटले आहे. प्रत्यक्षात समन्स निघत नाही असा खटला माझ्या पाहण्यात नाही. कारण पंचनामा हा स्वतः स्वतंत्र पुरावा नव्हे. पंचाने पिंजऱ्यात उभे राहून, मी हे पाहिले, असे स्वमुखाने सांगितले तर तो कागद त्याच्या स्मरणाला साहाय्य करतो आणि त्याच्या साक्षीला पुष्टी देतो, एवढेच त्याचे मोल.

या मोलाचा माणूस कसा निवडला जातो आणि त्याचे पुढे काय होते, हे मी पाहिलेल्या एका खटल्यावरून सांगतो. खुनाच्या आरोपीने पोलीस कोठडीत निवेदन केले आणि ओढ्याकाठच्या काटेरी कुंपणातून सुरा काढून दिला. हवालदाराने रस्त्यावरच्या एका शिंप्याला दुकानातून उठवून जीपमध्ये घातले, त्याच्या समक्ष सुरा कागदात गुंडाळून त्यावर लाखेची मोहोर झाली, चिठ्ठीवर त्याची सही घेतली आणि त्याला परत सोडले. त्यानंतर काही वर्षांनी समन्स आले. पहिल्या तारखेला बचावाचे वकील उच्च न्यायालयात गुंतले होते, पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते, त्यानंतर मुद्देमाल मालखान्यातून आलेला नव्हता. प्रत्येक वेळी हा माणूस दुकान बंद ठेवून, एस. टी. ने येऊन, आरोपीचे नातेवाईक ज्या व्हरांड्यात बसत त्याच व्हरांड्यात, त्यांच्यापासून चार हातांवर, भिंतीला टेकून उभा राहत असे. बाक होता, पण तो त्यांनी व्यापलेला असे. अखेरीस त्याचा पुकारा झाला. चिठ्ठीवरची सही आपली असल्याचे त्याने कबूल केले. मजकूर वाचून दाखविला होता का, तर नाही. सुरा आपल्यासमोर निघाला का, तर आठवत नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि उलटतपासणीत त्याने मान खाली घालून सर्व सूचना नाकारल्या. जाताना जबानीवर सही करण्यासाठी तो माझ्या टेबलाशी आला, तेव्हा हळू आवाजात म्हणाला, “साहेब, सुरा निघाला तेव्हा मी होतो की तिथं. पण त्याचा चुलतभाऊ माझ्या दुकानासमोर बसतो. तुमचं कोर्ट पाचला बंद होतं, माझ्या दुकानाला रोज उघडावं लागतं.”

या शिंप्याला खोटारडा म्हणणे सोपे आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने तो खोटे बोलला हे नाकारताही येणार नाही. परंतु ज्या राज्याने त्याच्याकडून सत्याची अपेक्षा केली त्या राज्याने त्याला भीतीच्या शेजारी उभे केले, भत्ता मागण्यास नाझराच्या खिडकीशी हेलपाटे घालावयास लावले, आणि तारीख पुढे गेल्याचे कारण सांगण्याचेही सौजन्य दाखविले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वरण सिंग यांच्या खटल्यात हीच खंत कठोर शब्दांत व्यक्त केली होती: साक्षीदार थकेपर्यंत तारखा पाडल्या जातात, त्याला बसण्यास जागा नसते, खर्च वेळेवर मिळत नाही आणि त्याला माणसासारखे वागविले जात नाही. त्या निकालाला आता पंचवीस वर्षांचा काळ लोटला. पंच फितूर झाला तरी तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह असल्यास तेवढ्यावर जप्ती शाबीत मानता येते, असा मार्ग न्यायालयांनी काढला आहे. तो गरजेपोटी काढलेला मार्ग आहे, आणि पोलिसाच्या शब्दाची शहानिशा करण्यासाठी जो पंच नेमला त्याच्या जागी पोलिसाचाच शब्द धरावा लागणे, यात पंचाच्या मूळ प्रयोजनाचा पराभव आहे हे कोणालाही दिसेल.

भय जेथे जातीचे असते तेथे याहून भीषण घडते. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २०१४ साली, वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी बोलत असल्याच्या संशयावरून, एका दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. २०१७ साली सत्र न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी मुक्त केले, कारण एकामागून एक साक्षीदार फिरले होते. त्या गावात राहणाऱ्या माणसाने खरे बोलून रात्री कोठे परतावे याचे उत्तर कोणत्याही कलमात नव्हते. विधिमंडळाने २०१७ साली साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली संरक्षण योजना देशभर लागू केली, आणि आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९८ कलमाने प्रत्येक राज्यावर तशी योजना करण्याचे बंधन घातले आहे. कागदावर काही उणे राहिलेले नाही. परंतु अशी योजना अस्तित्वात आहे आणि तिच्यासाठी अर्ज करता येतो, हे समन्स बजावणाऱ्या शिपायाने साक्षीदाराला सांगितल्याचे मी माझ्या नोकरीत कधी ऐकले नाही; आणि जो हक्क सांगितलाच जात नाही तो दिला असे समजण्याची आपल्या प्रशासनाला जुनी खोड आहे.

शासनाने यावर एक वेगळा तोडगा काढला. गंभीर गुन्ह्यांत शासकीय कर्मचाऱ्यांनाच पंच म्हणून घ्यावे असे परिपत्रक गृहखात्याने २०१५ साली काढले. तलाठी, ग्रामसेवक, पाटबंधाऱ्याचे कारकून हे सहजासहजी फितूर होत नाहीत, त्यांना पत्ता असतो, नोकरी असते, आणि म्हणून दोषसिद्धीचे प्रमाण वाढेल, हा त्यामागचा हिशेब मला कळतो. पोलीस ठाण्याशेजारचा चहावालाच दर खेपेस पंच म्हणून सही करतो आणि उलटतपासणीत त्याने पूर्वी किती पंचनाम्यांवर सह्या केल्या ते बाहेर निघते, या नामुष्कीपेक्षा हे बरे, हेही मान्य. (चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात असा ठेवणीतला साक्षीदार पाहून प्रेक्षागृहात हसू उसळले होते; आम्हा कचेरीतल्या लोकांना त्यात हसण्याजोगे काही दिसले नाही.) तरीसुद्धा हा तोडगा मला मान्य नाही. ज्याच्या बढतीचा आणि चौकशीचा कागद सरकारच्याच हाती आहे त्या माणसाला सरकारच्या वतीने झालेल्या झडतीचा स्वतंत्र साक्षी म्हणणे हे शब्दांशी खेळणे झाले. शिंपी आरोपीच्या चुलतभावाला भितो. कारकून आपल्या साहेबाला भिईल. एका भीतीच्या जागी दुसरी बसविल्याने साक्ष टिकेल, पण ती स्वतंत्र होणार नाही, आणि असेसर व ज्यूरी यांच्यानंतर नागरिकाचा न्यायालयातला हा शेवटचा पायही निघून जाईल.

१ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे नव्या संहितेच्या १०५ कलमाने आवश्यक केले आहे. ही सुधारणा मोलाची आहे. शिंप्यासमोर जर त्या ओढ्याकाठचे चित्रण चालविले असते, तर “आठवत नाही” म्हणणे त्याला जड गेले असते, आणि चुलतभावाला सांगण्यास त्याच्यापाशी एक सबळ सबबही राहिली असती की, सगळे यंत्रातच दिसत होते, मी काय लपविणार? पंचाला बळ देण्याचा एवढा सोपा उपाय पूर्वी कधी हाताशी नव्हता. माझी धास्ती अशी आहे की, यंत्र आले म्हणून पंच कोण आहे याची फिकीर आणखी कमी होईल. चित्रण चालू करण्यापूर्वी कुंपणात सुरा कोणी ठेवला हे यंत्राला दिसत नाही. ते पाहण्याकरिता डोळे उघडे ठेवून तेथे आधीपासून उभा असलेला, कोणाचाही मिंधा नसलेला माणूसच लागतो.

मंत्रिमहोदय, यापुढे जे मागतो आहे त्यासाठी नवा कायदा लागत नाही. साक्षीदार हजर असताना लेखी कारणाशिवाय खटला तहकूब करू नये असे संहितेत आहेच. ते कारण रोजनाम्यात पुरून न ठेवता त्याची एक प्रत साक्षीदाराच्या हाती द्यावी, म्हणजे त्याला निदान कळेल की आजचा दिवस कोणामुळे वाया गेला. साक्षीदारांचा वाजवी खर्च शासनाने देण्याची तरतूद संहितेत आहेच, आणि त्याचे नियम करणे आपल्या अखत्यारीत आहे. तो दर आजच्या मजुरीशी जुळवावा आणि साक्ष होवो वा न होवो, रक्कम त्याच दिवशी कोर्ट सुटण्यापूर्वी द्यावी. पंचनामा झाल्यावर त्याची प्रत पंचाला मिळावी. कित्येक वर्षांनी ज्या कागदाबद्दल त्याला जाब विचारला जाणार, तो कागद मधल्या काळात त्याच्यापाशी असू नये याला मला एकही कारण दिसत नाही. संरक्षण योजनेची माहिती सोप्या मराठीत समन्साच्या पाठीवर छापावी. आणि उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून, प्रत्येक जिल्हा व तालुका न्यायालयात आरोपीच्या माणसांपासून वेगळी अशी साक्षीदारांची एक खोली करावी, जिच्यात पंखा, पाणी आणि बाक असेल. नव्या इमारतींच्या नकाशांत न्यायाधीशांची दालने, वकिलांची दालने, वाहनतळ, उपाहारगृह हे सर्व असते. ही खोली एखाद्या नकाशात दाखविलेली असलीच तर काही दिवसांत तेथे जुने दफ्तर येऊन पडते.

आपल्या खात्याच्या येत्या अर्थसंकल्पीय मागण्यांत साक्षीदारांच्या भत्त्याची आणि या खोल्यांची स्वतंत्र बाब असावी, आणि ती कोणत्या न्यायालयात किती खर्च झाली याचा तपशील दरवर्षी सभागृहापुढे ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.



आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार